आधी साइट, मग स्टुडिओ

प्रश्न : माझी मुलगी बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. हाताने ड्रॉइंग छान करते. तिला प्राध्यापक व्हायचंय, जोडीला स्वतःची प्रॅक्टिसही हवी आहे. पदवीनंतर लगेच एम.आर्क. करून कॉलेजात लागावं, असं आम्हाला वाटतं. बरोबर आहे का? – एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लगेच नको. पदवी हातात आली की आधी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी करून घ्या. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. मग दोन-तीन वर्षं अशा ऑफिसात काढू द्या, जिथे वर्किंग ड्रॉइंग (ज्यावरून साइटवर बांधकाम होतं ते नकाशे) करायला देतात आणि साइटवरही पाठवतात. दिवसभर नुसते थ्री-डी व्ह्यू करून घेणारं ऑफिस चार पैसे जास्त देत असलं तरी टाळा.

याची गरज शिकवताना कळते. विद्यार्थी जिन्याला ३ मीटर लांबीची जागा सोडून मोकळा होतो. मजल्याची उंची ३ मीटर, रायझर, म्हणजे पायरीची उंची, १५० मिलिमीटर, म्हणजे २० रायझर. मध्ये वळण घेऊन शेजारी-शेजारी दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग ओळी) केल्या तर प्रत्येकीत १० रायझर, ९ ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायच्या पायऱ्या. ३०० मिलिमीटरच्या ट्रेडने २.७ मीटर झाले, त्यात वळणावरचं १.२ मीटरचं लँडिंग, एकूण ३.९ मीटर. लँडिंग १ मीटरवर आणून ३ मीटरमध्ये कोंबलं, तर ट्रेड जेमतेम २२० मिलिमीटर उरतो आणि उतरताना पाऊल आडवं टाकावं लागतं. जिन्याचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) उभं राहताना पाहिलेल्या शिक्षकाच्या हे शीटवर नजर टाकताच लक्षात येतं.

ड्रॉइंगचं म्हणाल तर रंकाळा आणि न्यू पॅलेस सगळेच काढतात. तिला मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे उभ्या वास्तूची मापं घेऊन नकाशे, करायला सांगा. पेठेतला एखादा जुना वाडा, मालकांची परवानगी काढून. टेपचं शून्य एकाच कोपऱ्यात धरून सलग मापं घ्यायची. तुकड्या-तुकड्याने मोजून बेरीज केली की चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचेच, कारण जुन्या खोल्या काटकोनात असतीलच असं नाही. उंची फरशीवरून मोजू नये, ती खचलेली असू शकते. गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने भिंतीवर आडवी लेव्हल मारून तिथून वर-खाली मोजावं. नळीत बुडबुडा राहिला की लेव्हल चुकते. प्लॅन १:५० प्रमाणात, चौकटीचा तपशील १:५ प्रमाणात काढावा. मापं त्याच दिवशी कागदावर उतरवली, तरच राहून गेलेलं माप सापडतं. कॉन्झर्व्हेशनमध्ये (जुन्या वास्तूंच्या जतनात) एम.आर्क. करायचं ठरलं, तर अशा चार शीट पोर्टफोलिओत वजनदार ठरतात.

एम.आर्क. दोन वर्षांचं. नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता काउन्सिलच्या चालू नियमांशी ताडून पाहा. सुरुवात व्हिजिटिंग शिक्षक म्हणून केली तर बरं: पैसे तासावर मिळतात, पण शिकवणं जमतं का ते कळतं.

पूर्णवेळ लागताना खासगी प्रॅक्टिसची परवानगी लेखी घ्या, तोंडी ‘चालतंय की’वर जाऊ नका. परवानगी असली तरी खरी ओढाताण सत्राअखेरीस होते: इकडे कॉलेजात ज्युरी (विद्यार्थ्यांच्या डिझाइनचं परीक्षण), तिकडे साइटवर स्लॅब, आणि रेडी-मिक्स काँक्रीटची गाडी थांबत नाही. म्हणून साइटवर उभा राहील असा भागीदार हवा; तो मिळेपर्यंत दुरुस्ती-नूतनीकरणाचीच कामं घ्यावीत.