खुर्चीचा सांधा दर उन्हाळ्यात का सुटतो?

प्रश्न : आजोबांच्या वेळची सागवानी खुर्ची आहे. मागच्या पायाचा सांधा दर उन्हाळ्यात सुटतो. दोनदा फेविकॉल भरून दोरीनं आवळला, तरी हलतोच. आता अराल्डाइट लावू का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अराल्डाइट नको. तो पोकळी भरतो आणि पक्का धरतो, हे खरं. पण पुढे कधी सांधा उघडायची वेळ आली तर करवतच लावावी लागेल. आजोबांच्या खुर्चीवर ती पाळी आणू नका.

फेविकॉल लाकडात मुरून धरतो. तुमच्या सांध्यात उघडं लाकूड उरलेलंच नाही. वाळलेल्या जुन्या थरावर नवा फेविकॉल नीट धरत नाही. त्यात आपला मे महिना, पारा 45 च्या आसपास. लाकूड सुकून आकसतं आणि कच्चा सांधा उघडा पडतो.

आधी सांधा पूर्ण सोडवा. आतला थर तपकिरी, ठिसूळ असेल तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा. मऊ होऊन बोटाला चिकटेल, वासही येईल. फेविकॉल ओला झाला की पांढुरका, रबरासारखा होतो. त्याला कोमट व्हिनेगर लावा. मग पटाशीनं हळूच खरवडा, पण लाकूड तासू नका.

आता कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं लाकडाचं टोक, कोरडंच बसवून बघा. हातानं दाबून घट्ट बसलं तर साधा फेविकॉल पुरे. खुर्ची कूलरपाशी असते का? मग मरीन, म्हणजे ओल सोसणारा फेविकॉल घ्या. सैल वाटलं तर कुसवाला सागवानाचीच पातळ चिपटी चिकटवा; लकडगंजात लाकूडवाल्याकडे तुकडा मिळेल. पोकळीत नुसता फेविकॉल ओतून भागत नाही, पाणी उडालं की तो आकसतो.

मला विचाराल तर अशा जुन्या खुर्चीला सरसच शोभतो. व्हायोलिन बनवणारे आजही तोच वापरतात, कारण ऊब आणि ओल दिली की सांधा लाकूड न दुखवता उघडतो. मात्र तो गरम असतानाच भरभर लावावा लागतो आणि ओल त्याला सोसत नाही. कूलर असेल तिथे मरीनच बरा.

सागवान तेलकट असतं. चिकटवण्याआधी थिनरनं पुसा, उडू द्या आणि लगेच लावा. काम सकाळी लवकर करा. दुपारी फेविकॉलवर बघता बघता साय धरते. दोरीखाली पुठ्ठा ठेवा, काडी घालून पीळ द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला बसू देऊ नका.