सिनेमा बघायला शिकायचाय? आधी एवढंच कर

सगळ्यात आधी, नुसतं गोष्टीच्या मागे लागू नकोस, सुरुवातीला बहुतेकांचं तिथंच चुकतं. गोष्ट कादंबरीतही असते, अभिनय नाटकात असतो, फ्रेम फोटोत असते. सिनेमाचं खास स्वतःचं म्हणजे एडिटिंग, एका शॉटला (कॅमेरा न थांबवता घेतलेल्या तुकड्याला) दुसरा जोडला की दोन्हींत नसलेला तिसराच अर्थ तयार होतो. १९२० च्या आसपास रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा घेऊन त्याला कधी सूपचा बाऊल, कधी शवपेटी असे शॉट जोडले, आणि म्हणतात की बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख! हे डोक्यात पक्कं बसलं ना की निम्मं काम झालं समज.

आता करायचं काय:

- आवडता एक सीन घे, आवाज बंद करून बघ आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथं, टेबलावर बोट आपट. कट नेमका तिथंच का आला, दोन सेकंद उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं?
- मग तोच सीन डोळे मिटून नुसता ऐक. दाराबाहेरची पावलं, बाजूच्या खोलीतलं भांडण, पडद्यावर न दिसणारं केवढं काय आवाजातून कळतं.
- नाटकात आपण हवं तिकडे बघतो, इथे कुठे आणि किती वेळ बघायचं ते बरंचसं दिग्दर्शक ठरवतो, त्यावर लक्ष ठेव.

सुंदर फ्रेम दिसली की भारी सिनेमा, असं लगेच ठरवू नकोस. लेन्स, थिअरी वगैरे नंतर बघू. रोज नवा सिनेमा संपवायची घाईही नको, एकच सीन चार-पाचदा बघ आणि अडलं तर बिनधास्त विचार.