वाचकांचे प्रश्न : बांगलादेशातलं सूक्ष्मकर्ज आणि आठवड्याचा हप्ता

प्रश्न : बांगलादेशातली ग्रामीण बँक तारण न घेता कर्ज देते. मग पैसे परत कसे येतात? गटातल्या एकीने थकवलं तर बाकीच्या चौघींना भरावं लागतं, हे खरं का?

उत्तर : कागदावर नाही. ग्रामीण बँकेच्या नियमात दुसरीचं कर्ज फेडण्याची सक्ती कुणावरच नाही. पण सुरुवातीच्या पद्धतीत एकीचा हप्ता चुकला की इतरांचं पुढचं कर्ज अडे आणि दबाव तिथूनच सुरू होई.

एकाच गावातल्या पाचजणींचा गट करतात. एका घरातल्या दोघी त्यात चालत नाहीत, कारण घर अडचणीत आलं की दोघी एकदमच थकतात. असे सहा-आठ गट मिळून एक केंद्र होतं. केंद्राची बैठक दर आठवड्याला भरते आणि बँकेचा माणूस तिथे जाऊन सगळ्यांसमक्ष पैसे घेतो. त्या पद्धतीत पहिलं कर्ज गटातल्या सर्वांत गरजू दोघींना मिळे. त्यांचे काही हप्ते नीट आले की पुढच्या दोघींना आणि सर्वांत शेवटी गटप्रमुखीला. आपलं कर्ज आधीच्या चौघींवर अवलंबून असल्याने गटप्रमुखी वसुलीकडे डोळ्यात तेल घालून पाही.

तरीही वसुलीचं सगळं श्रेय गटाला देणं आम्हाला पटत नाही. खरी किमया हप्त्याच्या आकारात आहे. सुरुवातीच्या पद्धतीत 1000 टका (टका हे बांगलादेशचं चलन) कर्ज असेल तर आठवड्याला 20 टका, असे 50 आठवडे, व्याज त्यानंतर. एवढी रक्कम घरात फिरत्या पैशातून निघते. पण पहिला हप्ता लगेच पुढच्याच आठवड्यात येतो. गाय तोवर व्यालेली नसते, पीक उगवलेलं नसतं. म्हणजे सुरुवातीचे हप्ते धंद्यातून येतच नाहीत. नवऱ्याची रिक्षा, मुलाची मजुरी, अंडी अशा आधीच चालू असलेल्या कमाईतून येतात. म्हणून हे कर्ज धान कुटून तांदूळ विकणं, किरकोळ दुकान, दूध, कोंबड्या अशा रोज पैसा फिरणाऱ्या धंद्यांना मानवतं. चार महिन्यांनी एकदम पैसे देणाऱ्या शेतीला ते जाचतं.

यावर कोलकात्यात एक प्रयोग झाला. काही बायकांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड दिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले, पुढे त्यांचा नफाही वाढला आणि थकबाकीही वाढली. संस्था सवड देताना हात का आखडतात, ते यावरून कळेल.

प्रश्न : ‘व्याज फक्त 15 टक्के’ असं सांगतात. मग सावकारासारखं महाग असल्याची ओरड का?

उत्तर : स्वयंसेवी कर्जसंस्थांचा तो 15 टक्क्यांचा दर सपाट होता, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर आकारलेला. हिशेब करू. 10,000 टका कर्ज, त्यावर 1500 व्याज, एकूण 11,500. 46 आठवड्यांचे हप्ते केले तर प्रत्येकी 250 टका. पण पूर्ण 10,000 बाईच्या हातात फक्त पहिला आठवडा असतात. निम्मी मुदत सरली की जवळजवळ निम्मं कर्ज फिटलेलं असतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवरच चालू. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला सुमारे 32 टक्के पडतो. कर्ज देताना काही रक्कम सक्तीची बचत म्हणून कापून घेतली, तर हातात येणारा पैसा आणखी कमी आणि दर आणखी वर.

2006 च्या कायद्याने स्वयंसेवी कर्जसंस्थांवर देखरेख करणारं स्वतंत्र प्राधिकरण आलं. त्याने घटत्या शिलकीवर 27 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि पुढे ती 24 वर आणली. 24 टक्क्यांनी त्याच कर्जाचा हप्ता साधारण 242 टका होतो, व्याज 1120 च्या आसपास. कुठल्याही देशातल्या सूक्ष्मकर्जाचा दर कानावर आला की आधी विचारा : सपाट की घटता? आणि हातात नेमके किती पडतात?

तरीही सावकाराशी तुलना अन्यायाची आहे. 1976 साली चितगाव विद्यापीठाजवळच्या जोब्रा गावात पुढे ग्रामीण बँक स्थापन करणाऱ्या महंमद युनूस यांना बांबूचे मोडे, म्हणजे बसायची स्टुलं, विणणारी बाई भेटली. बांबूचे 5 टका ती व्यापाऱ्याकडून उसने घेई आणि तयार मोडा त्यालाच विकण्याची अट असे. दिवसभर विणून हातात 50 पैसे. तिथे दर टक्क्यांत सांगितलेलाच नव्हता, तो मोड्याच्या पडेल भावात लपलेला होता. गावातल्या अशा 42 जणांचं मिळून देणं होतं अवघं 856 टका.

प्रश्न : पद्धत एवढी चांगली होती, तर ग्रामीण बँकेने नियम का बदलले?

उत्तर : नियम ताठ होते म्हणून. प्रत्येक कर्जातून 5 टक्के गटनिधीत कापले जात आणि तो पैसा बाईला मनासारखा काढता येत नसे. 1995 मध्ये त्यावरून अनेक केंद्रांच्या बैठका ओस पडल्या. मग 1998 चा पूर आला. देशाचा मोठा भाग दोन महिन्यांहून अधिक काळ पाण्याखाली होता. बँकेने नवी कर्जं दिली, पण जुनी तशीच राहिली. दुहेरी हप्ता झेपेना, तेव्हा बायका बैठकीलाच येईनाशा झाल्या.

2002 पर्यंत सगळ्या शाखा नव्या पद्धतीवर आल्या. गटनिधी गेला, बचत बाईच्या स्वतःच्या खात्यात गेली. अडचण आली तर मुदत वाढवून हप्ता लहान करून घेता येऊ लागला; मात्र तसं केलं की पुढच्या कर्जाची मर्यादा खाली येते. दरमहा ठरावीक रकमेची दीर्घ मुदतीची बचतही आली. आमच्या मते या बदलांत सर्वांत मोलाची बचतच आहे. आजारपणात स्वतःचे पैसे काढता आले, तर नवं कर्ज काढावं लागत नाही.

प्रश्न : यातून गरिबी हटते का?

उत्तर : कर्जाने एकट्याने नाही. इथिओपिया, मोरोक्को, मंगोलियासह सहा देशांतल्या पाहण्या 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. धंदा थोडा वाढतो, पण सरासरी उत्पन्न फारसं हलत नाही, असंच त्यांत दिसलं. अगदी तळाच्या घरात तर आठवड्याला हप्ता भरायला पैसाच फिरत नसतो. ब्रॅक या बांगलादेशातल्या मोठ्या स्वयंसेवी संस्थेने हे ओळखून 2002 मध्ये क्रम उलटा केला. आधी गावकऱ्यांनाच विचारून सर्वांत गरीब घरं हेरायची. मग गाय किंवा शेळ्या फुकट द्यायच्या. ती विकून खाऊ नये म्हणून काही महिने पोटापुरते पैसे द्यायचे. जनावर सांभाळायला शिकवायचं, घरी नियमित फेरी मारायची, बचतीची सवय लावायची. असं सुमारे दोन वर्षं चालतं, आणि कर्जाचा विषय त्यानंतर निघतो.