जहाज थांबतं बारा तास, आपल्या हाती येतात चार

गेल्या अंकात क्रूझचं बुकिंग कसं करायचं ते लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आलेत त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर आहेत, जहाज बंदराला लागलं की खाली उतरून करायचं काय आणि कसं. म्हणून यावेळी तेवढंच घेतलंय.

प्रश्न (कोथरूडहून) : ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं आणि सासू-सासरे (वय ७१ आणि ७४) बार्सेलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला चाललोय. पोर्ट आहेत मार्सेय, लिव्होर्नो, चिविताव्हेक्या आणि नेपल्स. जहाजाच्या टूर माणशी धरतात त्यामुळे चौघांचे मिळून आकडे डोळे पांढरे करणारे आहेत. हे म्हणतात सगळं आपलं आपण फिरू, मला भीती वाटते की जहाज निघून जाईल. आणि लिव्होर्नोहून पिसा-फ्लॉरेन्स दोन्ही एका दिवसात होतं का?

उत्तर : होतं का तर होतं, पण मी केलंय म्हणून सांगते, करू नका.

आधी हिशोब मांडा. कागदावर लिव्होर्नो सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असं छापलेलं असतं आणि आपण खूश, बारा तास! पण ७ ला जहाज लागतं, आपण नाही. तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी येणार, मग अनाऊन्समेंट, मग लिफ्टसमोर अख्खं जहाज उभं, जमिनीला पाय लागेपर्यंत आठ. तिकडे ७ ला सुटणाऱ्या जहाजाचं ऑल अबोर्ड (सगळ्यांनी जहाजावर परत यायची शेवटची वेळ) ६ किंवा ६.३० ला असतं आणि त्याच्या आधी तासभर आपला स्वतःचा राखीव पाहिजेच, म्हणजे ५ ला बंदरात. फ्लॉरेन्स तिथून साधारण ९० किलोमीटर, बंदरातून बाहेर पडणं धरून जायला दीड तास, यायला दीड तास. उरले सहा. त्यात चौघांचं जेवण, बाथरूम शोधणं (तिकडे बऱ्याच ठिकाणी पैसे टाकून आत जायचं आणि नेमकी सुट्टी नाणी नसतात), सासऱ्यांचं जरा कुठे टेकणं, म्हणजे खरे चार-साडेचार. तेवढ्यात डुओमो हे मोठं चर्च बाहेरून, पियात्सा देल्ला सिन्योरिया चौक, पोन्ते वेक्यो पूल आणि एक जिलातो (तिथलं आईस्क्रीम). बास, यात पिसा मावत नाही.

आम्ही माववलं होतं. सहा जणांनी मिळून एक प्रायव्हेट व्हॅन केली, पिसा सकाळी फ्लॉरेन्स दुपारी. पिसाला मनोरा हाताने अडवल्याचे फोटो काढण्यात सव्वा तास गेला कारण प्रत्येकाचा हात कुठेतरी भलतीकडेच हवेत. मग फ्लॉरेन्सला सान लोरेन्झोच्या बाजारात आमचे हे चामड्याच्या बेल्टवर घासाघीस करत उभे राहिले, तुळशीबागेत कधी तोंड न उघडणारा माणूस. परतताना हायवेवर गाड्यांची रांग, ड्रायव्हर नुसते खांदे उडवतोय, मी मनात अथर्वशीर्ष म्हणतेय. गँगवेवर (जहाजावर चढायच्या शिडीवर) पोचलो तेव्हा ऑल अबोर्डला सहा मिनिटं होती. बेल्ट वर्षभरात फाटला.

तेव्हा सगळं आपलं आपण पण नको आणि सगळं जहाजाचं पण नको. गाव बंदराला चिकटून असेल तर आपलं आपण जायचं, गाव लांब असेल तर जहाजाच्या बसने. तुमच्या यादीत रोम म्हणजे चिविताव्हेक्या, ते रोमपासून ८० एक किलोमीटरवर आहे, म्हणजे खोपोलीला उतरवून पुणे आलं म्हणायचं तसं. (व्हेनिसचं तर अजून वाईट, २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना गावातल्या कालव्यातून जायला बंदी आहे त्यामुळे काही जहाजं जवळच्या मार्गेरा बंदराला लागतात आणि काही थेट राव्हेन्नाला, तिथून व्हेनिस जवळजवळ दीडशे किलोमीटर!) पण जहाजाकडे गाईड-बिईड नसलेली नुसती नेणारी-आणणारी बसही बऱ्याचदा असते, पूर्ण टूरपेक्षा ती बरीच स्वस्त पडते आणि उशीर झाला तर जहाज त्या बससाठी थांबतं. रोमला आणि फ्लॉरेन्सला हीच घ्या. तुम्ही दोघंच असता तर चिविताव्हेक्याहून लोकलने सान पिएत्रो स्टेशन, तिथून चालत व्हॅटिकन असं सुचवलं असतं, तासाभराचा प्रवास आहे, पण बंदरातली शटल, मग स्टेशन, मग प्लॅटफॉर्म ही पळापळ मोठ्यांना घेऊन नको.

नेपल्स मात्र बिनधास्त आपलं आपण. जहाजातून उतरलं की समोर कास्तेल नुओवो किल्ला, गाव तिथूनच सुरू. तुमच्या यांना पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) बघायचंच असेल तर गारिबाल्दी स्टेशनवरून लोकल आहे, ३५-४० मिनिटं, पॉम्पेई स्काव्ही नावाच्या स्टेशनवर उतरायचं, गेट समोरच. तिकीट इथूनच काढून जा, नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र पाहिजे. पण आत सगळे रस्ते इसवी सन ७९ च्या आधीचे, मोठाले उंचसखल दगड, सावली जवळपास नाही. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत तुम्ही लिहिलं नाहीत. दुखरे असतील तर तुम्ही दोघं पॉम्पेईला जा आणि त्यांना जहाजावर राहू द्या, सगळे खाली गेले की डेक आणि स्विमिंग पूल रिकामा असतो, त्यांना तो दिवस सगळ्यात जास्त आवडेल बघा.

मार्सेयला क्रूझचं टर्मिनल जुन्या बंदरापासून लांब आहे, शटल घ्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा, बाकी तिथे आरामच करा.

आणि वार बघा! व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), फ्लॉरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. जहाज वार बघून बंदराला लागत नाही.

प्रश्न (वाकडहून) : जहाज खरंच माणसं सोडून जातं का हो? की उगाच घाबरवतात?

उत्तर : जातं. जहाज फक्त स्वतःच्या टूरवरच्या लोकांसाठी थांबतं, बाकीच्यांसाठी कॅप्टन थांबायला बांधील नाही. बंदरातली जागा ठराविक वेळेपुरतीच मिळालेली असते आणि पुढच्या बंदरातही वेळेत पोचायचं असतं. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे बेटावर आठ प्रवासी असेच मागे राहिले, बाहेरची टूर घेतली होती, परतायला उशीर झाला, जहाज दिसत होतं पण निघालेलं. पुढचे काही दिवस ते एका देशातून दुसऱ्या देशात जहाजाच्या मागे, गाम्बियाला पोचले तर जहाज तिथे लागूच शकलं नाही, शेवटी त्यातल्या काहींनी सेनेगलमध्ये गाठलं.

अशी वेळ आलीच तर रडत बसायचं नाही, पोर्ट एजंटला गाठायचं. प्रत्येक बंदरात जहाजाचा एक स्थानिक एजंट असतो, त्याचा नंबर केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमाच्या कागदावर असतो, नसला तर रिसेप्शनला विचारा. खाली उतरायच्या आधी त्या कागदाचा फोटो काढा. माणूस परत आला नाही हे कळलं की जहाजाचे लोक शक्यतो त्याचा पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून एजंटकडे देऊन जातात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र आपल्या खिशातून. म्हणून कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, बीपी-शुगरच्या गोळ्या खांद्याच्या पिशवीत ठेवायच्या, केबिनमध्ये नाही.

अजून एक, मोबाईलचं घड्याळ. काही जहाजं गावाची वेळ बदलली तरी आपली जहाजाची वेळ तशीच ठेवतात आणि फोन मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःच तास मागेपुढे करतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. मनगटावर साधं घड्याळ बांधा, चढल्यावर एकदा लावा आणि जहाजाने सांगितल्याशिवाय हात लावू नका. आणि समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल बघून माझ्या भाचीचा आवाज बसला होता.

प्रश्न (हडपसरहून) : सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर अशी क्रूझ आहे, बरोबर पाच वर्षांची मुलगी. टूर घ्यायची का?

उत्तर : पेनांगला अजिबात नको. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं ते जॉर्ज टाऊनमध्येच, बाहेर आलात की समोर राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीचा घड्याळाचा मनोरा (६० फूट उंच, राज्याच्या ६० वर्षांचा एकेक फूट), शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, आणि चालत लिटल इंडिया, तिथे इडली-डोसा मिळतो म्हणजे मुलीच्या जेवणाचा प्रश्न मिटला. तिथलंच १८३३ चं महामारिअम्मन मंदिर बघा. हे सगळं जुनं गाव २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. उन्हाचं जरा सांभाळा.

फुकेतला तुमचं जहाज कुठे थांबतं ते आधी विचारा, काही जहाजं पाटोंगसमोर समुद्रात उभी राहून छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने किनाऱ्यावर नेतात. फी फीसारख्या बेटांवर जायचा मोह होईल, तो प्रवासच लांबचा, लाटांवर अवलंबून, तेव्हा जायचंच तर जहाजाच्या टूरने, नाहीतर पाच वर्षांच्या मुलीला नुसती वाळू आणि पाणी पुरतं. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघून घ्या, तुम्ही तिथे दोनदा शिरणार आहात.

प्रश्न (औंधहून) : ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जहाजाची टूर घेतली नाही तर वर गावात कसं जायचं?

उत्तर : टेंडरने जुन्या बंदरात, तिथून केबल कार, खेचर किंवा पायऱ्या. पायऱ्या साधारण ६०० आहेत, म्हणजे पर्वती पावणेसहा वेळा, आणि तीच वाट खेचरांची, त्यामुळे घसरडी आणि वास! केबल कारच घ्या, फक्त उतरताना सगळी जहाजं एकदम खाली येतात आणि रांग तासाच्या पुढे जाऊ शकते, तो तास हिशोबात धरा. टेंडरमध्ये जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांनी सकाळी लवकर नंबर घ्यायचा. वारा असेल तर टेंडर रद्दही होतात, बाहेरची टूर बुक करताना तेव्हा पैसे परत मिळतील का ते वाचा.

प्रश्न (सदाशिव पेठेतून) : आम्ही दोघं निवृत्त, मुंबईहून गोवा-कोची अशी क्रूझ घेतलीय. उतरायचं कुठे?

उत्तर : गोवा तुम्ही दहादा पाहिला असेल, मुरगावहून जुनं गोवं तीस एक किलोमीटर, उतरलं नाही तरी चालेल. कोचीला नक्की उतरा. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, मट्टांचेरी तिथून जवळ, टॅक्सी दिवसभरासाठी ठरवून घ्या. तिथल्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं सावकाश बघा, मग फोर्ट कोचीला मासेमारीची चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च, १५२४ मध्ये वास्को द गामा वारला तेव्हा त्याला आधी इथेच पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. १५६८ चं ज्यू लोकांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) राजवाड्याच्या जवळच आहे. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद आणि शुक्रवारीही बहुधा बंदच, तुमचं जहाज कोणत्या वारी लागतंय ते तिकिटावर बघा आणि मग टॅक्सीवाल्याला सांगा.