पहिल्या नाइटनंतर

प्रिय पोरी,

सिनियर सिस्टरांनी कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारली, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला बोंबलतेस" म्हणाल्या, आणि तू ट्रे धरून गप्प उभी राहिलीस. घरी आल्यावर झोप लागली नाही, असं लिहिलंयस.

ते वाक्य मीही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ऐकलं. पुढे मीही ते बोलले. आवाज चढवल्याशिवाय बाई जोर लावत नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. एका रात्री तिन्ही टेबलं भरलेली, मी एकटी, आणि एका पहिलटकरणीवर मी ओरडले. ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, ऐकलं हिनं. बाळंत झाल्यावर तिच्या अंगावरून फार जात होतं, पण मला हाक मारायची तिची छाती झाली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई धावत आली म्हणून कळलं. ती वाचली. पण अशा रक्तस्रावात दोन तासांतसुद्धा बाई जाते, हे तू शिकली आहेस. आपण दरडावून गप्प बसवलेली बाई चक्कर आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, यातलं काहीच सांगत नाही.

आणि हे दरडावणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. ओळखीची चिठ्ठी घेऊन आलेली 'मॅडम' असते. पाड्यावरून आलेली, तिसरी मुलगी झालेली 'ए बाई' असते.

आता तू काय करायचंस. केसपेपरवरचं नाव वाच आणि नावानं हाक मार. पीव्ही, म्हणजे आतून तपासणी, करण्याआधी सांग, ती हो म्हणेपर्यंत थांब, पडदा ओढ. टाके घालताना लोकल, म्हणजे जागा बधिर करायचं इंजेक्शन, दिलंय का आणि ते लागू झालंय का, हे तिलाच विचार. "दोनच टाके आहेत, सोस" हे तुझ्या तोंडून कधी येऊ देऊ नकोस. बाळ बाहेर यावं म्हणून वरून पोट दाबायला कुणी सांगितलं, तर डॉक्टरांना बोलाव; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत ते करू नये असंच आहे.

तिची आई किंवा जाऊ दाराशी उभी असेल तर आत घे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण असू द्यावी, हे केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलंय. प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी केंद्रानं आणलेल्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानानं वागवणं आहे. जवळचं माणूस हात धरून बसलं की बाई कमी घाबरते, आणि कळाही नीट चालतात. गर्दी होते, ही तक्रार खरी आहे. तरी एक बाई मावते.

सिनियर सिस्टरांशी बाईसमोर वाद घालू नकोस. त्या बाईच्या डोक्याशी जाऊन उभी राहा, तिचा हात धर; तू तिथे असलीस की बऱ्याचदा हात उगारला जात नाही. नंतर पुढच्या पाळीला ओव्हर दिल्यावर, चहाच्या वेळी, त्यांना एकटं गाठून बोल. त्यांच्यावर कामाचा बोजा आहेच, तो मी स्वतः वाहिला आहे. पण त्या बाईनं तो आणलेला नाही. पुन्हा हात उचललाच, तर मेट्रनना तारखेसह लेखी दे. भीती वाटेल. मसुदा मला पाठव, मी बघून देईन.

उद्याच्या नाइटला जाताना सेफ्टी पिना घेऊन जा. पडद्याचे निम्मे हुक तुटलेले असतात.

तुझी,
माई