स्टोट आणि वीझल म्हणजे आपलं मुंगूसच का?

स्टोट आणि वीझल हे छोटे, सडपातळ शिकारी प्राणी दिसतात कसे, शिकार कशी करतात आणि ती आपली मुंगसंच का, असं आपण विचारलंय. शेवटचं आधी घेतो, कारण तिथे मीही फसलोय.

मी ग्वाल्हेरचा, लश्कर भागातला. आमच्या वाड्याच्या मोरीतून संध्याकाळी मुंगूस निघायचं. घरात निम्मी हिंदी, म्हणून त्याला नेवलाच म्हणायचो. पुढे मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना एकदा कुंपणातून एक लांबोडकं तपकिरी जनावर मागे मागे सरकत रस्त्यावर आलं. दातांत सशाची मान, आणि ससा त्याच्या तिप्पट! सौ. म्हणाली, "अहो, हा तर नेवला!" मीही मान डोलावली. पण शेपटीचं टोक काळंकुळकुळीत होतं, दौतीत बुडवल्यासारखं. तो स्टोट.

ओळखायची खूण हीच. वीझलची शेपटी आखूड, टोकाला काळं नाही आणि अंगाने तो बराच लहान. तिकडचा वीझल जेमतेम शंभर ग्रॅमचा. दोघंही वरून तपकिरी, पोटाला पांढरे. कडक थंडीच्या मुलखात स्टोट हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो, टोक मात्र काळंच राहतं. युरोपातल्या राजांच्या झग्यांच्या पांढऱ्या किनारीवर काळे ठिपके दिसतात ना, ती हीच टोकं.

नात्याने मुंगूस मांजर-तरसांकडचं, हे दोघं कुत्र्या-अस्वलांकडचे. त्यांचं खरं भाऊबंद आमच्या चंबळेतलं पाणमांजर.

शिकारीचं सगळं गणित त्या सडपातळ अंगात आहे. डोकं शिरलं की धड शिरलंच. वीझल उंदराला त्याच्या बिळात घुसून धरतो, स्टोट सशावरही जातो. चावा मानेवर, कवटीच्या बुडाशी. तिथे दातांच्या खुणा दिसतात म्हणून ते रक्त पितात अशी समजूत पसरली, पितबित नाहीत. पण बारीक अंगात ऊब टिकत नाही. वीझलला रोज आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तरी खावं लागतं, म्हणून दिवसा ना रात्री, त्याला स्वस्थ बसणं माहीत नाही. खुराड्यात शिरला तर एकूणएक कोंबडी मारतो. लोक क्रूर म्हणतात, मला नाही पटत. रानात तो जास्तीची शिकार दडवून ठेवतो. खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते, एवढंच.

1880 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ससे आवरायला हे दोघे नेऊन सोडले. स्टोटने किवीची पिल्लंही फस्त केली. आता तिथे त्याच्यासाठीच सापळे लावतात. आपल्या मुंगसालाही 1872 मध्ये उसातले उंदीर मारायला जमैकात नेलं होतं. तिथेही पक्ष्यांवर आणि सरड्यांवरच बेतलं.

स्टोट भारतातच बघायचा असेल तर लडाख-काश्मीरकडे नजर ठेवा. आणि आधी शेपटी बघा.