जुनी पिकअप एक्स्चेंजला देताना ‘वर किती भरायचे’ ते धरून बसा

प्रश्न : माझी २०१८ ची बोलेरो पिकअप आहे, केए-२२ पासिंग. बेळगावातून गोव्याला भाजी नेतो, चोर्ला घाटातनं जाणं-येणं असतंय. १ लाख ६० हजार किलोमीटर झालेत, लोन फिटलंय. आता नवीन पिकअप घ्यायची म्हणून फिरतोय तर बेळगावचा शोरूमवाला जुनीचे ४ लाख २५ हजार म्हणतोय, हुबळीचा ३ लाख ८५ हजार, आणि एक ओळखीचा ब्रोकर ४ लाख २० हजार रोख देतो म्हणतोय. गेल्या वर्षी हीच गाडी एकानं ५ लाखाला मागितलेली, तेव्हा दिली नाही. एवढा भाव का पडला आणि आता कुणाला द्यावी, नीट सांगा की.
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : दादा, तुम्ही तीन आकडे दिलेत पण तिन्ही जुन्या गाडीचे, नवीन गाडी कोण कितीला देतोय ते पत्रात कुठंच नाही, आणि शोरूमवाल्याचा हिशेब सगळा तिथंच असतो. जुनीचे ४० हजार वाढवून द्यायचे आणि नवीनवरचा डिस्काउंट तेवढाच कापायचा, त्याच्या खिशातून काहीच जात नाही आणि गिऱ्हाईक मात्र खूश होऊन सही करतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारा, जुनी दिली तर वर मला किती भरायचे, सगळं धरून, आरटीओ, इन्शुरन्स, हौदा, अ‍ॅक्सेसरी, फाइलचे पैसे, सगळं. आणि मग दुसरा प्रश्न, जुनी दिलीच नाही तर हीच गाडी ऑन रोड, म्हणजे सगळा खर्च धरून, कितीला? हे दोन आकडे शोरूमच्या कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

समजा बेळगाववाला नवीन गाडी १० लाख ९० हजाराला लावतोय, तर तुमचे ४ लाख २५ वजा जाऊन वर भरायचे ६ लाख ६५ हजार. हुबळीवाला जुनीचे कमी देतोय पण नवीन १० लाख ३५ हजाराला देत असेल तर वर भरायचे ६ लाख ५० हजार, म्हणजे कमी भाव सांगणाराच १५ हजारानं स्वस्त पडला. आणि एक्स्चेंज न करता नवीन १० लाख ५० हजाराला मिळत असेल आणि जुनी ब्रोकरला दिली तर ६ लाख ३० हजारात काम होतं. हे आकडे मी नुसते हिशेब दाखवायला घेतलेत, तुम्ही तुमचे खरे आकडे घालून असंच करा, अर्ध्या तासात कळेल कोण कुठं आहे.

त्या ४ लाख २५ हजारात ‘एक्स्चेंज बोनस’ धरलाय का तेही विचारा. बोनस हा बहुतेक वेळा कंपनीकडून येतो, तो तुमच्या गाडीचा भाव नव्हे. गाडीचा भाव वेगळा, बोनस वेगळा, नवीनवरचा डिस्काउंट वेगळा, असं तीन ओळीत लिहून मागा. लिहून द्यायला जो कां-कू करतो त्याच्याकडं घाई करू नका. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणा आणि शेजारी ठेवून बघा, तिथं बरेच पैसे निघतात. लोन करणार असाल तर व्याजाचा दरही बँकेतनं वेगळा काढा, कारण जुनीला १० हजार वाढवून दिले आणि ४ वर्षांच्या हप्त्यात त्याच्या दुप्पट वसूल केले तर काय उपयोग.

आता भाव का पडला. गेल्या वर्षीचे ५ लाख डोक्यातून काढून टाका, तो काळ वेगळा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे टॅक्स धरून १० लाखाला एक्स-शोरूम (आरटीओ-इन्शुरन्स न धरता) असलेली गाडी, कंपनीनं सगळा फायदा पुढं दिला तर ९ लाख २२ हजाराच्या आसपास येते, जवळजवळ ७८ हजार कमी. नवीनच एवढी उतरल्यावर जुनी घेणारा आधीचा भाव कसा देईल? त्यात तुमची गाडी वर्षानं म्हातारी झाली ते वेगळंच. पण हेही लक्षात ठेवा, शोरूमवाला हे कारण सांगून तुमच्या गाडीचे पाडतो तेव्हा नवीनची किंमत खरंच उतरलेली लावतोय ना ते बघा, दोन्हीकडं त्याचाच फायदा चालणार नाही.

दुसरं एक भीतीचं कारण सांगतात, की बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमातली) गाडी आहे, १० वर्षं झाली की बंद होणार. डिझेल गाडीला १० वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागातला आहे, आपल्या कर्नाटकात तसा नियम नाही. आपल्याकडं फिटनेस पास होतोय तोवर गाडी चालते. फक्त मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं फिटनेस दोन-दोन वर्षांनी असतो आणि ८ नंतर दरवर्षी, तुमची २०१८ ची म्हणजे आता त्याच उंबऱ्यावर आली. फिटनेस संपायला महिना-दोन महिने राहिले असतील तर व्हॅल्युएटर (जुन्या गाडीचा भाव ठरवणारा माणूस) तो खर्च आणि वर आणखी थोडं असं कापतो, म्हणून शक्य असेल तर फिटनेस करूनच गाडी दाखवा. साधी बीएस-४ इंजिनं गावातला मेकॅनिक हातानं खोलतो, खेड्यात त्याला गिऱ्हाईक आहे, हे तुम्हीपण ठासून सांगा.

व्हॅल्युएटर काय बघतो ते माहीत असलं की तो उगाच काही बोलला तर कळतं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो, तिथनं धूर जोरात फेकत असेल तर रिंग-पिस्टन गेलं म्हणतो. मग खाली वाकतो आणि चासीला, विशेषतः मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) जवळ आणि स्टेपनीच्या वर, नख किंवा चावी घासून बघतो. गोवा-कारवारकडं मासळी नेणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातनं बर्फाचं खारट पाणी खाली गळतं आणि चासी आतनं खाते, वरनं रंग मारला तरी ते पापुद्रे हाताला लागतात. तुमची गाडी भाजीची आहे, हा मोठा मुद्दा आहे तुमच्या बाजूचा, तो सांगायला विसरू नका, हौद्याचा पत्रा आणि चासी स्वच्छ धुऊन उघडी दाखवा. घाटात क्लच आणि ब्रेक जास्त झिजतात हे त्यालाही माहीत असतं, म्हणून क्लच प्लेट कधी टाकली त्याचं बिल असेल तर ते समोर ठेवा. टायरवर चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे वर्ष, पहिले दोन आठवडा, ३५२२ असेल तर २०२२ चा ३५ वा आठवडा. टायर ‘जुने झाले’ म्हणून कापायला लागला तर हेच बोट ठेवून दाखवायचं.

विकण्याआधी खर्च किती करावा असं खूप जण विचारतात. इंजिनकाम आणि पूर्ण पेंटिंग करू नका, ते पैसे परत येत नाहीत आणि ताजा रंग बघितला की घेणाऱ्याला अ‍ॅक्सिडेंटची शंका येते. लाइट, हॉर्न, वायपर, बॅटरीची टर्मिनल, पीयूसी, एवढं करा. थकलेले ई-चलन भरून टाका. लोन फिटलंय म्हणताय पण आरसीवरचा बोजा, म्हणजे फायनान्सवाल्याचं नाव, उतरवलाय का? फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवावा लागतो, नुसता शेवटचा हप्ता भरून उतरत नाही. बोजा असलेल्या गाडीचा भाव हमखास पाडतात, आणि काम तुमच्या हातातलं आहे.

ब्रोकरचं म्हणाल तर पैशाच्या हिशेबात तो पुढं आहे, पण गाडी तुमच्या नावावरून उतरली पाहिजे, ह्या एका गोष्टीवर मी अडून बसेन. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं चार हात विकली गेली असली तरी अ‍ॅक्सिडेंटची भरपाई रेकॉर्डवरच्या मालकाच्या अंगावर येते. त्या केसमध्ये मूळ मालकानं गाडी केव्हाच दिलेली होती. आपल्याकडं ब्रोकर फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या घेतो, घेणाऱ्याचं नाव मोकळं, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी फिरवत राहतो. त्या काळात इन्शुरन्स संपला आणि कुणाला धडक बसली तर नोटीस येळ्ळूरला येणार. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथोरायझेशन घेण्याचा नियम आहे, अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी नं पोर्टलवर कळवायचं, मग गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची. शोरूम असो की ब्रोकर, विचारा की तुमच्याकडं ते सर्टिफिकेट आहे का. नसेल तर सरळ शेवटच्या गिऱ्हाइकाच्या नावावर ट्रान्सफर होईपर्यंत त्याचे २०-२५ हजार अनामत म्हणून तुमच्याकडं अडकवून ठेवा आणि हे करारात लिहा.

चावी द्यायच्या दिवशी तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि किलोमीटरचा फोटो घ्या. फास्टॅग बंद करा, नाहीतर कोगनोळीच्या टोलला तुमच्या खात्यातनं पैसे जात राहतील. आणि क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नवीन गाडीच्या प्रीमियममध्ये, जेवढी वर्षं क्लेम नाही त्याप्रमाणे २० ते ५० टक्के सूट मिळते. ही सूट प्रीमियममधल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीवर नाही.

माझं मत विचाराल तर, वरच्या हिशेबात ब्रोकर आणि शोरूममधला फरक १०-१५ हजाराचा निघाला तर शोरूमला द्या. ३०-४० हजार निघाला तर ब्रोकरला द्या, पण ट्रान्सफर तुमच्या डोळ्यासमोर.

प्रश्न : आमचे मिस्टर वारले, त्यांच्या नावावर छोटा हत्ती (टाटा एस) आहे. मुलगा नवीन गाडी घेणार म्हणून जुनी एक्स्चेंजला द्यायची आहे. शोरूममधला माणूस म्हणतोय फॉर्मवर त्यांच्या नावाची सही तुम्हीच करून द्या, बाकी आम्ही बघतो, पण भाव ४० हजार कमी.
– एक भगिनी, चिक्कोडी तालुका

उत्तर : ताई, सही करू नका. मेलेल्या माणसाची सही करणं हा गुन्हा आहे आणि उद्या काही झालं तर तो माणूस हात वर करेल, अडकाल तुम्ही आणि मुलगा. आणि तो भाव पाडतोय तो ह्याच कारणानं, की तुमचे कागद पुरे नाहीत आणि तुम्ही अडलेल्या आहात.

आधी गाडी तुमच्या किंवा मुलाच्या नावावर करून घ्या. त्याला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतनं (महसूल कचेरीतनं) मिळणारा वंशवृक्षाचा दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी एवढं घेऊन चिक्कोडीच्या आरटीओत जा. नियमाप्रमाणे मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो, उशीर झाला असला तरी काम होतं, दंड भरावा लागेल. लोन चालू असेल तर फायनान्सवाल्याला विचारा की लोनबरोबर जीवन विमा काढला होता का, पुष्कळ वेळा हप्त्यात त्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. तो विमा असला तर राहिलेलं लोन त्यातनं फिटू शकतं.

नाव लागलं की मगच गाडी दाखवायला न्या, आणि पहिल्या त्या माणसाकडं जाऊ नका, दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवून या. नवीन गाडी घेताना आरसीवर नॉमिनी लावून घ्या, २०२१ पासून ती सोय आहे, पुढच्या वेळी घरच्यांची एवढी धावपळ होत नाही.

प्रश्न : मी निपाणीचा, पण पिकअप एमएच-०९ पासिंगची आहे, आधी कोल्हापुरात राहायला होतो. नवीन गाडी बेळगावात बुक करतोय. तिथं जुनीचा भाव कोल्हापूरपेक्षा खूप कमी सांगतायत. फसवतायत काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुतेक फसवत नाहीत. बेळगावच्या डीलरला ती गाडी इथं विकायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी पाहिजे, फॉर्म २८, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट, चलन क्लिअर, मग इथं कर्नाटकचा टॅक्स भरून नवा नंबर, आणि तो सगळा खर्च तुमच्या गाडीच्या भावातनंच जातो. कोल्हापूर-कागलकडच्या गिऱ्हाइकाला ह्यातलं काहीच नको, म्हणून तिथं भाव चांगला येतो. जुनी तिकडंच विका. नवीन मात्र तुम्ही जिथं राहता-धंदा करता तिथल्याच पत्त्यावर, म्हणजे केए-२३ वर घ्या, थोडं स्वस्त पडतंय म्हणून परत नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच पासिंग करू नका, १२ महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नंबर बदलून घ्यावाच लागतो.

आणि बेळगावच्या शोरूमला हे विचारा : जुनी मी बाहेर विकली आणि नाव बदललेल्या आरसीची झेरॉक्स आणून दिली तर एक्स्चेंज बोनस देणार का? काही कंपन्यांच्या स्कीममध्ये तो मिळतो, पण तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. देणार म्हणाले तर बुकिंगच्या पावतीवरच तसं लिहून घ्या, कारण ट्रान्सफर व्हायला वेळ लागतो आणि तोवर स्कीमचा महिना संपलेला असतो.